फ्रेम दुरुस्तीसाठी भरवशाचा कारागीर : रविवारची बैठक

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता नेहमीच्या जागी बैठक आहे. विषय एकच : जुन्या मोटरसायकलची फ्रेम निर्धास्तपणे कुणाच्या हाती द्यावी.

काम नाजूक आहे. जुन्या फ्रेमच्या नळ्या बहुधा ओतीव सांध्यांत पितळाने ब्रेझ केलेल्या, म्हणजे पोलाद न वितळवता फक्त पितळ वितळवून जोडलेल्या असतात. त्यावर साधं वेल्डिंग मारलं, की वितळलेलं पितळ पोलादात शिरतं आणि सांध्याशेजारीच नवी चीर पडते. १९५० मध्ये शर्यतीत उतरलेली नॉर्टन या इंग्लिश कंपनीची फेदरबेड फ्रेम रेनॉल्ड्स ५३१ या मिश्र पोलादाच्या नळ्यांची, ब्राँझने जोडलेली. अशा पातळ नळ्यांना जास्त आच लावून चालतच नाही. हा फरक न विचारता सांगतो, तो कारागीर माझ्या मते निम्मा पास.

येताना एवढं करा :

- स्वतः काम करून घेतलं असेल, त्याचंच नाव सुचवा. ऐकीव नावं नकोत.
- कारागिराला विचारूनच त्याचा नंबर द्या.
- दुरुस्तीचे फोटो आणा, शक्यतो रंग देण्याआधीचे. पुट्टीखाली काहीही झाकलं जातं.
- त्याच्याकडे जिग (फ्रेम सरळ घट्ट धरून ठेवणारा साचा) आहे का, दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का हे तो तपासतो का, विचारून या.
- फ्रेम नंबरावर ग्राइंडर फिरवणाऱ्याचं नाव यादीत येणार नाही.

येणं जमत नसेल तर शनिवारी रात्रीपर्यंत सचिवांना कळवा. आणि ज्यांच्या फ्रेमला चीर दिसते आहे, त्यांनी कृपया तोवर गाडी बाहेर काढू नये, अगदी कोपऱ्यापर्यंतसुद्धा.