माहीमच्या रुळांलगतच्या ताईंना

ताई,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. मयताच्या कॉलरमागची शिंप्याची पट्टीसुद्धा पंचनाम्यात लिहून घेणारा मी, तुमचं नाव तेवढं लिहिलं नाही. परवा सुनेने घरात नवी चादर उघडली. खळीचा वास आला आणि मला तिथे बसवेना. म्हणून लिहितोय.

११ जुलै २००६. पश्चिम रेल्वेवर ११ मिनिटांत ७ स्फोट, सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत. मी लोहमार्ग पोलिसांत हवालदार होतो. माहीमजवळ पोचलो तेव्हा डब्याचा पत्रा फाटून बाहेर आला होता, मोबाइल लागत नव्हते. आणि स्ट्रेचर? त्यासाठी आम्ही वर्षानुवर्षं अर्ज करत होतो. रुळांवर रोज माणूस कापला जायचा, हमाल मिळेल त्यात उचलून आणायचे, तरी उत्तर ठरलेलं : विचाराधीन आहे. ते अर्ज दाबून बसलेल्या साहेबांना मी आजही माफ केलेलं नाही.

तुमची वस्ती आमच्याआधी रुळांवर उतरली होती. तुम्ही दोन चादरी घेऊन धावत आलात. एक विरलेली, दुसरी कोरी, घडीसुद्धा न मोडलेली. तिच्या कोपऱ्याला टाचलेला कागद तुम्ही दातांनी तोडलात. मी जुनीला हात घातला, तर म्हणालात, "ती फाटंल, दादा. ही घ्या, माणूस जड हाय."

चौघांनी चार टोकं धरली. खडीवरून, चिखलातून रस्त्यापर्यंत नेलं. चादर फाटली नाही.

त्याआधी याच वस्तीत झोपड्या हटवायच्या बंदोबस्ताला मी आलो होतो. रुळांकडेला वाळत घातलेले कपडे काठीने उडवले होते, त्यात तुमचेही असतील. तरी तुम्ही मला दादा म्हणालात.

तीस वर्षांच्या नोकरीत पाकीटमार पाहिले, प्रेताच्या हातातलं घड्याळ काढणारेही पाहिले. पण पेटी फलाटावर टाकून जखमीकडे धावलेली पॉलिशवाली पोरं, पैसे न मागता ओझं उचलणारे हमाल, आपला रुमाल परक्याच्या जखमेवर दाबून धरणारे पासवाले, हेही मी याच रुळांवर पाहिले. त्यांच्यामुळे नोकरी निभली.

चादर शोधायला मी रुग्णालयात गेलो होतो. मिळाली नाही. दोन नव्या घेऊन तुमच्याकडे आलो, तर तुम्ही गावी गेलेल्या. शेजारणीकडे ठेवल्या, तुम्हाला मिळाल्या असतील.

शेजारणीजवळ सांगायचं राहिलं ते आता सांगतो. तो माणूस वाचला, ताई. दीड महिन्याने कुबडीवर जबाब द्यायला आला. डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं, म्हणून मी उजव्या बाजूला खुर्ची सरकवली. त्याने पहिलं हेच विचारलं, मला कशातून आणलं?

म्हटलं, चादरीतून. एका ताईच्या कोऱ्या चादरीतून.