शिकवणी साहेबांना, दारात मात्र शिपाई

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुणे शहर पोलीस दलातून मी सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. सरकारी दप्तरात ज्या पदाला ‘समाजसेवा अधीक्षक (मनोविकृती)’ असे भारदस्त नाव आहे, म्हणजे मनोरुग्ण व त्यांच्या घरच्यांसाठी काम करणारा समाजसेवक, त्या पदावरच्या एक बाई नुकत्याच निवृत्त झाल्या. त्यांच्या निरोपाला आम्ही चार-पाच जुने पोलीस आवर्जून गेलो होतो. त्यांचे नाव छापलेले त्यांना आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. पण त्यांनी आम्हाला जे शिकवले ते त्यांच्याबरोबरच घरी जाऊन बसू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार रस्त्यावर भटकणारा मनोरुग्ण सापडला, की त्याला 24 तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करायचे, रिसेप्शन ऑर्डर, म्हणजे दाखल करण्याचा आदेश, मिळवायची आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात पोचवून सही घ्यायची, एवढेच आम्हाला ठाऊक होते. मधली रात्र तो कोठे काढत असे, याची कोणी चौकशी करत नसे. माझ्याच ड्युटीत एका विशीतल्या मुलाला अशी रात्र कोठडीत काढावी लागली आणि पहाटेपर्यंत त्याने भिंतीवर डोके आपटून कपाळ फोडून घेतले. त्याला घेऊन मी रुग्णालयात गेलो तेव्हा बाई रागावल्या नाहीत. “हवालदार, याने काल रात्री काही खाल्लं होतं का?” एवढेच त्यांनी विचारले आणि मला सांगता आले नाही.

पुढे त्याच बाई आमच्या प्रशिक्षणाच्या वर्गावर आल्या. व्याख्यान ऐकून डुलक्या काढायच्या तयारीने बसलेल्या आम्हा लोकांपैकी एका शिपायाला त्यांनी पुढे बोलावले, दोघांना त्याच्या दोन्ही कानांशी सतत पुटपुटायला लावले आणि स्वतः समोर उभ्या राहून त्याला नाव, गाव, पत्ता विचारू लागल्या. त्याला स्वतःचा पिनकोड सांगता येईना. “ज्याच्या कानात हे चोवीस तास चालतं, त्याला तुम्ही ‘नीट उत्तर दे’ म्हणून दटावता,” असे त्या म्हणाल्या तेव्हा वर्गात कोणी हसले नाही. एकानेच बोलावे, बाकीच्यांनी गप्प राहावे. काठी नजरेआड ठेवावी. त्याला ऐकू येणारे आवाज खोटे आहेत असा वाद घालू नये आणि आपल्यालाही ते ऐकू येतात असेही म्हणू नये. पालथा पाडून पाठीवर बसू नये, कारण त्याने श्वास कोंडतो. हे सारे मी त्यांच्याकडून शिकलो आणि निवृत्तीपर्यंत ते मला उपयोगी पडले.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 हा 2018 मध्ये लागू झाला तेव्हा त्यांनी कलम 100 चा साध्या मराठीत उतरवलेला एक कागद आमच्या हातात दिला. अशा व्यक्तीला संरक्षणात घेतल्यावर लवकरात लवकर, फार तर 24 तासांत, जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यायचे, कोणत्याही परिस्थितीत कोठडीत ठेवायचे नाही आणि ती बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून तिचे घर शोधायचे, ही जबाबदारी कायद्याने थेट पोलीस ठाण्यावर टाकली आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यावर गुन्हा नोंदवण्याची आमची जुनी सवय मोडायलाही त्या याच कायद्याचे कलम 115 पुढे करीत; असा माणूस तीव्र तणावाखाली होता असे धरावे आणि त्याला शिक्षा करू नये, असे ते सांगते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे दंड संहितेतले जुने 309 कलम राहिलेच नाही, याचा त्यांना झालेला आनंद मी पाहिला आहे.

2017 च्या त्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 30 प्रमाणे पोलिसांना ठरावीक काळाने असे प्रशिक्षण देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. माझा आक्षेप ते कोणाला मिळते याबद्दल आहे. सभागृहात अधिकारी बसतात, पुष्पगुच्छ होतो, छायाचित्र निघते. आणि रात्री दोन वाजता मनोरुग्ण मुलाने औषधाच्या गोळ्या घेणे सोडले म्हणून घाबरलेल्या आईचा 112 वर फोन येतो तेव्हा तिच्या दारात उभा राहतो तो बीट मार्शल, म्हणजे गस्तीवरचा शिपाई, ज्याने त्या सभागृहाचा उंबराही ओलांडलेला नसतो. अमेरिकेतील मेम्फिस शहरात पोलिसांच्या गोळीने एक मनोरुग्ण दगावल्यानंतर 1988 मध्ये जी पद्धत सुरू झाली, तिच्यात गस्तीवरच्या पोलिसांनाच 40 तासांचे शिक्षण देतात, आणि त्यात रुग्ण व त्यांचे नातेवाईकही बोलतात, असे बाई सांगत. आपल्याकडे पिस्तुलापेक्षा काठीचा प्रश्न मोठा आहे, हे मान्य. पण शिकवायचे कोणाला, हे त्यांनी बरोबर ओळखले.

शिक्षण मिळाले तरी पुढची अडचण उरतेच. रुग्णवाहिकेवाले म्हणतात पोलीस आणा, पोलीस म्हणतात रुग्णवाहिका बोलवा, आणि रुग्णालयाच्या दारात कागदपत्रे विचारली जातात. ही कोंडी बाई स्वतःच्या ओळखीवर फोन करून सोडवत असत. आता त्या ओळखी त्यांच्याबरोबर निवृत्त झाल्या आहेत.

म्हणून माझी मागणी अगदी लहान आहे. प्रत्येक पोलीस ठाण्याला एक मनोविकृती समाजसेवक जोडून द्यावा, त्याचा दूरध्वनी क्रमांक ठाणे अंमलदाराच्या टेबलावर असावा आणि महिन्यातून एकदा हजेरीच्या वेळी त्याने अर्धा तास शिपायांशी बोलावे. यासाठी सभागृह लागत नाही आणि पुष्पगुच्छही लागत नाही.

आपला,
एक निवृत्त सहायक फौजदार, पुणे