छापायचं चार कॉलम, अट २० मेगापिक्सेलची?

प्रति,
मा. संपादक,

विषय : वाचक छायाचित्र स्पर्धेतला नियम क्रमांक ४

महोदय,

रविवारच्या पुरवणीतून हौशी छायाचित्रकारांसाठी आपण स्पर्धा जाहीर केलीत, त्याबद्दल आधी आभार मानते. मुंबई-पुण्याच्या कलादालनांत ज्यांचे फोटो कधी लागणार नाहीत, त्यांना पेपरचं पान हेच प्रदर्शन. पण त्याच चौकटीत नियम क्रमांक ४ आहे : ‘छायाचित्र किमान २० मेगापिक्सेल क्षमतेच्या कॅमेऱ्याने किंवा मोबाइलने काढलेले असावे.’ (एक मेगापिक्सेल म्हणजे फोटोतले दहा लाख ठिपके, त्यांनाच पिक्सेल म्हणतात.) ही अट कशासाठी घातली, हे मला पुन्हा पुन्हा वाचूनही कळलेलं नाही. ती काढून टाकावी अशी विनंती आहे, आणि ही विनंती मी हौशी फोटोग्राफर म्हणून कमी आणि छापखानेवाली म्हणून जास्त करते आहे.

चिपळूणला माझा लहानसा ऑफसेट छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांची हस्तपत्रकं, एखाद्या मंडळाची स्मरणिका असली कामं. संगणकावर पानं मीच लावते. लोक पेन ड्राइव्हवर नाहीतर व्हॉट्सॲपवर फोटो आणतात, आणि तो कागदावर किती मोठा उतरेल हे मला रोज सांगावं लागतं. तेव्हा साधा हिशेब मांडते. आपला पेपर मोठ्या आकाराचा, आठ कॉलमी. छपाईची रुंदी साधारण ३३ सेंटिमीटर, म्हणजे १३ इंच. न्यूजप्रिंट शाई पितो, ठिपका फुगतो, म्हणून पेपरचा स्क्रीन, म्हणजे फोटो ज्या ठिपक्यांच्या जाळीत फोडून छापतात ती जाळी, इंचाला ८५ ते १०० रेघांच्या वर सहसा नेत नाहीत. त्याच्या दुप्पट, म्हणजे इंचाला २०० पिक्सेल दिले की काम झालं. जास्त दिले तर ते यंत्रात नुसते गळून जातात. १३ गुणिले २०० म्हणजे २६०० पिक्सेल. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, आठही कॉलम भरून फोटो छापायचा झाला तरी रुंदीला इतकंच लागतं. आणि विजेत्यांचे फोटो आपण छापता चार कॉलम. त्याला १३०० पिक्सेल पुष्कळ झाले.

आता निकॉनचा डी४० घ्या. २००६ साली आलेला, ६ मेगापिक्सेलचा, हौशी लोकांत अतोनात गाजलेला लहानखुरा कॅमेरा. त्याचा फोटो ३००८ बाय २००० पिक्सेलचा असतो. म्हणजे आपल्या पानाची अख्खी रुंदी भरून वर ४०० पिक्सेल उरतात. तरीही नियम ४ प्रमाणे तो स्पर्धेबाहेर.

हा डी४० मी उगाच काढला नाही. आमच्याकडे सुट्टीच्या दिवशी पहाटे कॅमेरे घेऊन बाहेर पडणारी पाच-सात मंडळी आहेत. क्लब वगैरे काही नाही, नावही नाही. त्यात एसटीतले एक वाहक आहेत, एक औषधाचं दुकान चालवणारे आहेत, एक रिक्षावाले दादा आहेत आणि बीएस्सी करणारी एक मुलगी आहे. तिच्याकडे मामाचा जुना डी४० आहे आणि त्यावर कमी उजेडातही चालणारी ३५ एमएम एफ १.८ ची लेन्स. मध्यंतरी तिने आजीचा फोटो काढला. आजी चुलीपाशी घावणे घालते आहे, वरच्या काचेच्या कौलातून उन्हाची तिरीप खाली आली आहे, आणि धूर त्या तिरिपीपुरताच दिसतो. बाजूला तो नाहीच, नुसता काळोख. काविलथ्याचं टोक चकाकतंय आणि आजीचा अर्धा गाल तेवढा उजेडात. मी तो १२ बाय १८ इंचाचा प्रिंट करून आणला. गणित मांडलं तर इंचाला जेमतेम १६७ पिक्सेल पडतात. हातभर अंतरावरून बघणाऱ्या कोणालाही काही कमी वाटलं नाही. त्यामुळे ‘पुढे प्रदर्शन भरवायचं आहे, मोठे प्रिंट लागतील’ असं कारण असेल, तर तेही टिकत नाही. (वाढदिवसाचे चौकाचौकातले फ्लेक्स कोणत्या फोटोंवरून होतात हे कोणत्याही फ्लेक्सवाल्याला विचारा. व्हॉट्सॲपवरून तीनदा फिरून आलेले असतात, आणि साहेब लांबून स्पष्ट ओळखू येतात.)

वाहकांकडे डी९० आहे, २००८ सालचा. व्हिडिओ काढता येणारा पहिला डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) तोच. १२.३ मेगापिक्सेल, म्हणजे तेही बाद. औषधवाल्यांकडे कॅननचा १३००डी. हा तर २०१६ सालचा, आणि आपल्याकडे ‘पहिला कॅमेरा’ म्हणून घरोघरी गेलेला. तो १८ मेगापिक्सेलचा. कॅननने २०१० च्या ५५०डीपासून ६००डी, ७००डी, १२००डी, १३००डी असे एकामागून एक कॅमेरे १८ मेगापिक्सेलवरच काढले. आपली अट त्या सगळ्यांना दोन मेगापिक्सेलने हुकवते. निकॉनचे डी३१००, डी५१००, डी७००० हेही गेले. आमच्यात पात्र कोण, तर रिक्षावाले दादा. त्यांचा डी३२०० आहे, २४ मेगापिक्सेलचा. ते म्हणतात, ‘काकू, माझ्यापेक्षा पोरीचा फोटो चांगला आहे, पण भाग मीच घेऊ शकतो.’

हौशी लोकांचं सोडा. निकॉनचा डी४ आणि कॅननचा वन-डी एक्स हे २०१२ साली त्या दोन्ही कंपन्यांचे सर्वांत वरचे, क्रीडा छायाचित्रकारांसाठी बनवलेले कॅमेरे होते. एक १६ मेगापिक्सेलचा, दुसरा १८ चा. आपल्या स्पर्धेत दोन्ही चालणार नाहीत. त्याआधी १९९९ साली निकॉनने डी१ काढला. तो वृत्तछायाचित्रकारांनीच आधी उचलला, आणि त्याची क्षमता तीन मेगापिक्सेलसुद्धा नव्हती. जगभरच्या पेपरांनी त्यावर पहिली पानं काढली. आपल्याच छायाचित्र विभागातल्या जुन्या माणसांना विचारा, त्या काळातली त्यांची गाजलेली छायाचित्रं किती मेगापिक्सेलची होती. नियम लिहिण्याआधी जिना उतरून त्यांच्याकडे गेलं असतं तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

दुसरी बाजू मोबाइलची. साध्यातल्या साध्या फोनच्या खोक्यावर हल्ली ५० नाहीतर १०८ मेगापिक्सेल छापलेलं असतं. नियम ४ प्रमाणे तो बिनघोर पात्र. पण ५० वाला फोन चार-चार पिक्सेल एकत्र करून नेहमीचा फोटो साडेबारा मेगापिक्सेलचाच देतो, आणि १०८ वाला नऊ-नऊ जोडून १२ चा. म्हणजे फोटो १२ चा, पण खोक्यावरच्या आकड्यावर प्रवेश. डी९० चा फोटोही १२ चाच, आणि त्याला दार बंद. शिवाय त्या पिक्सेलांना बसायला जागा किती मिळते हेही बघायला हवं. कॅननच्या या कॅमेऱ्यांचा सेन्सर, म्हणजे आतली उजेड टिपणारी चकती, सुमारे २२ बाय १५ मिलिमीटरचा असतो. महागातल्या मोबाइलचा मोठा म्हणवला जाणारा सेन्सरसुद्धा क्षेत्रफळात सहसा त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाचा, आणि स्वस्त फोनचं तर बोलायलाच नको. आजीचा तोच फोटो त्या मुलीने फोनवरही काढून पाहिला होता. फोनने काळोख आपल्या मनाने उजळला, धूर पुसला आणि भिंतीवरची कॅलेंडरं वाचता येतील इतकी स्पष्ट केली. मी मोबाइलच्या विरोधात नाही, मोबाइलवाल्यांनी जरूर भाग घ्यावा. पण आकडा दाखवून आत जायचं असेल, तर तो आकडा काय सांगतो हे नियम करणाऱ्याला ठाऊक असायला हवं.

स्पर्धेच्या शेजारीच ‘डीएसएलआर कालबाह्य’ असा लेख होता. त्यातली माहिती चूक नाही. कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०१८ मध्ये मिररलेसची, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यांची, नवी घडी बसवली, २०२० नंतर त्यांचे नवे डीएसएलआर जवळपास थांबले, आणि सोनीने तर आपले विकणंच बंद केलं. पेंटॅक्ससारखा एखादाच अजून आरशाला धरून आहे. पण हौशी माणसाने यावरून काय करायचं, हे लेखात उलटं सांगितलं आहे. लेखकाच्या मते मिररलेस घ्यायचा. मी म्हणते, शहरातली मंडळी मिररलेसकडे चालली म्हणून त्यांचे डीएसएलआर आणि लेन्स साध्या मोबाइलच्या किमतीत आमच्यापर्यंत पोचताहेत. असा काळ पूर्वी कधी नव्हता. आमच्याकडे तर याला आणखी एक कारण आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात बाजारपेठ पाण्याखाली गेली, त्यात माझं मशीन गेलं आणि अनेकांचे कॅमेरे गेले. त्यानंतर नवा कॅमेरा घ्यायची ऐपत कोणात होती? सगळ्यांनी जुनेच घेतले. आमच्या गटातल्या कॅमेऱ्यांची वयं अशी का, याचं उत्तर हे आहे.

त्या लेखाच्या जागी जुना कॅमेरा कसा पारखायचा हे छापलं असतं तर लोकांना उपयोग झाला असता. मीच थोडं सांगते. लेन्स काढून मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके धागे दिसले की ती बुरशी, लेन्स परत द्या. कोकणातून किंवा मुंबईतून आलेल्या लेन्समध्ये हे हमखास बघायचं. मग आभाळाचा एक फोटो एफ २२ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून, काढा, सेन्सरवरची धूळ आणि डाग काळ्या ठिपक्यांत दिसतात. पकडीचं रबर फुगून सुटलंय का बघा. ते चिकटवता येतं, पण भाव पाडायला बरं. शटर किती वेळा उडालं तो आकडा निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्येच सापडतो. डी४०, डी३२०० असल्या लहान निकॉनमध्ये फोकसची मोटर नसते, म्हणून जिच्यातच मोटर असते ती एएफ-एस लेन्सच घ्यावी. जुनी ५० एमएम स्वस्तात मिळाली म्हणून आणली, तर फोकस हाताने करत बसावं लागतं. कॅननवाल्यांना ही कटकट नाही. १९८७ पासूनची कोणतीही ईएफ लेन्स त्यांना चालते, मोटर लेन्समध्येच असते.

आणि पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात टाकू नये. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा, त्यात निळी सिलिका जेल, एवढं पुरतं. जेल गुलाबी पडली की मंद आचेवरच्या तव्यात परतून पुन्हा निळी करायची, तो तवा मात्र स्वयंपाकाचा नको. आमच्या वाहकांचा डी९० याच डब्यात सगळे पावसाळे काढतो आहे. लेखातल्या मिररलेसची बॅटरी तीनशे-चारशे फोटोंत बसते. निकॉनच्या डी३५०० या डीएसएलआरची, कंपनीच्याच मोजणीप्रमाणे, १५५० फोटो चालते. पावसात दोन-दोन दिवस लाइट नसणाऱ्या गावातल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

आता अटीच्या जागी काय हवं ते सांगते, नुसती तक्रार नको. ‘फोटोची लांब बाजू किमान २४०० पिक्सेल असावी, आणि निवड झाल्यास कॅमेऱ्यातली मूळ फाइल पाठवावी’ इतकं पुरे. कॅमेरा कोणता, किती मेगापिक्सेलचा, हे विचारूच नये. सध्याच्या अटीने दर्जा तर राखला जात नाहीच, उलट खोटेपणाला वाव मिळतो. कोणत्याही फोटो सॉफ्टवेअरमध्ये ६ मेगापिक्सेलचा फोटो दोन मिनिटांत २४ चा करून मिळतो. बघणाऱ्याला कळतही नाही, कारण छापल्यावर तो चार कॉलमांतच येणार. असं करू का, म्हणून त्या मुलीने मला विचारलं. मी नको म्हटलं. आधी संपादकांना लिहू, त्यांचं उत्तर येऊ दे.

स्पर्धेची मुदत या महिनाअखेरीस संपते. अट बदलणार असाल तर त्याच्या आधीच्या रविवारी पुरवणीतच छापा. संकेतस्थळावर टाकलेली दुरुस्ती इकडे कोणी बघत नाही, पेपर मात्र घरोघरी येतो. आणि बदलणार नसाल, तर ती का ठेवली हे तरी दोन ओळींत कळवा.

आपली,
एक छापखानेवाली वाचक
चिपळूण, जि. रत्नागिरी