सावली मोजू द्या

महोदय,

'दुपारी बाराला सूर्य डोक्यावर येतो' हे माझ्या नातीने घोकून ठेवले होते. मात्र जानेवारीत अंगणात काठी रोवून आठवडाभर सावली मोजल्यावर, ती सर्वांत आखूड साडेबारानंतर होते, असे तिनेच वहीत टिपले आणि 'असे का?' म्हणून विचारले. भारतीय प्रमाणवेळेचा ८२.५ अंश रेखांश इंदूरच्या सुमारे साडेसहा अंश पूर्वेला आहे, म्हणून आपल्याकडे मध्यान्ह घड्याळातील बारानंतर होते, हे मग तिने नकाशातून शोधले. आपल्याच राज्यात १९७२ साली सुरू झालेला होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम मुलांनी स्वतः प्रयोग करून शिकण्याच्या याच वाटेने चालला होता. तो २००२ मध्ये बंद झाला, याची खंत वाटते. शाळांनी आठवड्यातून एक तास अशा मोजमापाला द्यावा आणि वहीतील नोंदींनाही गुण ठेवावेत, ही कळकळीची विनंती.

— एक निवृत्त शिक्षक, रामबाग, इंदूर