बेटाची तपासणी विहिरीपासून सुरू करा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बुडत्या बेटांवरच्या आपल्या पानावर पुन्हा तेच छायाचित्र दिसलं. प्रशांत महासागरातल्या तुवालू या बेटराष्ट्राचे मंत्री सायमन कोफे २०२१ मध्ये गुडघाभर समुद्रात उभे राहून भाषण करताहेत. त्याआधी २००९ मध्ये मालदीवचे अध्यक्ष मोहम्मद नाशीद यांनी तर मंत्रिमंडळाची बैठकच पाण्याखाली घेतली होती. त्यांना नावं ठेवत नाही. जगाला जागं करायला काहीतरी करावंच लागतं. पण अशा चित्रांमुळे संकट किनाऱ्यावरूनच चालून येणार असा समज पक्का झालाय, आणि तोच नियोजनाच्या कागदांतही उतरलाय. माझी सारी नोकरी विहिरींचं खारेपण मोजण्यात गेली, म्हणून हे लिहितो आहे.

प्रवाळ बेटावर नदी नसते, ओढा नसतो. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण ते हलकं असतं. मधे जाड, कडेला पातळ, भिंगासारखं. हिशेब सोपा आहे: समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची जितकी उंची, त्याच्या साधारण चाळीसपट ते खाली असतं. हा हिशेब उलटाही लागू होतो. पंपानं विहिरीची पातळी ५ सेंटिमीटर उतरवली तर कागदावर खारं पाणी खालून २ मीटर वर फुगतं. प्रत्यक्षात मधे मचूळ पाण्याचा थर असतो, त्यामुळे विहीर हिशेबापेक्षाही आधी बिघडते.

अशा एका बेटावर आम्ही दोन उन्हाळे काढले. तिथल्या एका आजींनी आमचं यंत्र पिशवीतून बाहेर येण्याआधीच कोणत्या तीन विहिरी बिघडल्यात ते सांगितलं. तिन्हींवर पंप होते. त्यांच्या स्वतःच्या विहिरीवर पोहरा होता आणि तो खोल बुडवायचा नाही, वरवरचं पाणी अलगद घ्यायचं, असा घरात दंडक होता. आमचे आकडे आजींच्या यादीशी तंतोतंत जुळले. (प्रवासभत्त्याच्या बिलात हे अर्थातच लिहिलं नाही.)

पुढे एका बेटसमूहाचा जोखीम अहवाल अभिप्रायासाठी माझ्याकडे आला. २०५० आणि २१०० मधली किनारारेषा दाखवणारे नकाशे देखणे होते. विहिरींवर दीड परिच्छेद, आणि मोजलेली विहीर एकही नाही. मी तसा शेरा दिला. छापील प्रतीत तो परिशिष्टात जाऊन बसला.

समुद्र हळूहळू चढतो तेव्हा जमिनीला पुरेशी उंची असेल तोवर गोडं पाणीही त्याच्याबरोबर वर सरकतं. घात करते ती बेट ओलांडून जाणारी लाट. २००५ मध्ये पर्सी चक्रीवादळात कुक बेटांपैकी पुकापुकावर समुद्र चढला. तिथलं भूजल पुन्हा पिण्याजोगं व्हायला सुमारे अकरा महिने लागले. मार्शल बेटांतल्या रोइ-नामुरचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचाही सांगावा हाच: अशा लाटा दरवर्षी येऊ लागल्या की दोन लाटांमधल्या काळात भूजल सावरतच नाही. म्हणजे बेट नकाशावर जागच्या जागी असतं आणि माणसांना मात्र तिथे राहता येत नाही.

त्याच वर्षी तुवालूच्या १०१ बेटांची मोजणीही प्रसिद्ध झाली. १९७१ ते २०१४ या काळात तिथलं एकूण क्षेत्रफळ २.९ टक्क्यांनी वाढलं होतं. लाटांनी आणलेली वाळू आणि प्रवाळांचा चुरा साचत असतो. काहींनी यावरून संकटच खोटं ठरवलं. पण त्याच तुवालूत २०११ मध्ये पाऊस रुसला तेव्हा पाण्यासाठी आणीबाणी जाहीर करावी लागली आणि खारं पाणी गोडं करणारी यंत्रं विमानानं आणावी लागली. जमीन हेक्टरात मोजून तहानेचा अंदाज येत नाही.

यंत्रांना माझा विरोध नाही. लक्षद्वीपमधल्या कवरत्तीत २००५ पासून समुद्राच्या वरच्या गरम आणि खोलवरच्या थंड पाण्यातल्या तापमानाच्या फरकावर रोज एक लाख लिटर गोडं पाणी करण्याचा प्रकल्प आहे. आपल्याच शास्त्रज्ञांचं काम, आणि उत्तम काम. पण डिसेंबर २०१४ मध्ये मालदीवची राजधानी माले इथल्या, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या केंद्रात आग लागली आणि लाखभर लोकांचे नळ कोरडे पडले. भारतातून विमानांनी, जहाजांनी पाणी गेलं. यंत्र बसलं की विहिरीकडे दुर्लक्ष होतं, शेजारी सांडपाण्याचे शोषखड्डे होतात, आणि मग यंत्र बंद पडल्यावर परतायला जागा उरत नाही.

म्हणून बेटांच्या कुठल्याही आराखड्यात समुद्र अडवणाऱ्या भिंतीच्या निविदेआधी तीन गोष्टी हव्यात: वर्षभर दर महिन्याला विहिरींच्या खारेपणाची नोंद, छपरावरच्या पावसासाठी टाक्या, आणि शोषखड्डे विहिरींपासून दूर. पहिल्या कामाला हातात मावणारं यंत्र, एक वही आणि गावातला एक शाळकरी मुलगा पुरतो. भिंत नंतर बांधता येईल. तीही वाळूची वाट अडवणार नाही ना, हे पाहून.

आणि एक विनंती. आपल्या चित्रकारानं पुढच्या वेळी बेटाचा उभा छेद काढावा. वर घर, खाली विहीर, तिच्या खाली खारं पाणी. मोजमापं मी पाठवतो.

आपला,
एक निवृत्त भूजल सर्वेक्षक