सिस्टर, तुम्ही आधी विचारलंत

सिस्टर, नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. त्या रात्री तुमच्या गळ्यातलं ओळखपत्र उलटं फिरलेलं होतं आणि मी काही वाचण्याच्या अवस्थेत नव्हते. माझी लेक आता आठ महिन्यांची झाली. मधल्या काळात हे पत्र तीनदा लिहायला घेतलं. दर वेळी तुमच्या 'हात लावू का?' या तीन शब्दांपाशी आले की डोळे भरायचे आणि पत्र राहून जायचं. आज पुरं करायचंच म्हणून बसले आहे. ती झोपली आहे, तासभर तरी उठणार नाही.

तिसरी रात्र होती. सिझर झालेलं, टाके ओढत होते, कुशीवर वळणं जमत नव्हतं. बाळ रडून रडून थकलेलं. सकाळी वजन केलं तेव्हा २ किलो ९०० ग्रॅमचं ते २ किलो ६९० ग्रॅमवर आलं होतं आणि तो आकडा मला ज्या आवाजात सांगितला गेला, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. जणू ते २१० ग्रॅम मीच कुठेतरी हरवून आले होते.

त्याआधीच्या अडीच दिवसांत माझ्या छातीला किती जणींचे हात लागले, मी मोजले नाहीत. कुणी यायचं, पदर बाजूला करायचं, दाबून बघायचं, 'काहीच येत नाहीये' म्हणायचं आणि पुढच्या खाटेकडे जायचं. कुणी बाळाचं डोकं मागून धरून माझ्या छातीवर रेटायचं. ते बिचारं अंग ताठ करून मागे सरकायचं, किंचाळायचं. मग कागदावर लिहिलं जायचं, 'बाळ घेत नाही'. एकीने तर माझ्याकडे न बघता माझ्या उशाशी बसलेल्या नातेवाइकांना सांगितलं, "हिची बोंडं चपटी आहेत, हिला जमायचं नाही." मी तिथेच पडले होते हो. दोन हातांवर. ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बाथरूमला जाऊन आले तर बाळ गाढ झोपलेलं आणि उशाशी रिकामी बाटली. मला कुणी विचारलं नव्हतं. वर ऐकायला मिळालं, "बघ, किती भुकेलं होतं बिचारं." त्या एका वाक्याने मी जेवढी मोडले, तेवढी टाक्यांनी मोडले नव्हते.

आणि मग तुम्ही आलात. रात्रीचे तीन वाजून गेले असतील. तुम्ही मोठा दिवा लावला नाहीत. कोपऱ्यातलं स्टूल उचलून आणलंत, ओढून आणलं नाहीत, कारण शेजारची बाळंतीण झोपलेली होती. माझ्या डोळ्यांच्या उंचीला येईल असं बसलात. बाळाबद्दल काही न विचारता आधी मला विचारलंत, टाके किती दुखताहेत, शेवटचं पाणी कधी प्यायले. पाण्याचा पेला हातात दिलात. तो संपेपर्यंत बसून राहिलात. मग आपले तळहात एकमेकांवर चोळून गरम केलेत आणि म्हणालात, "हात लावू का?"

मला आधी कळलंच नाही तुम्ही कशाबद्दल विचारताय. बाळाला उचलायचं असेल असं वाटलं. मी नुसती बघत राहिले, आणि तुम्ही थांबलात. उत्तर येईपर्यंत तुमचे हात तुमच्याच मांडीवर होते. अडीच दिवसांत मी पहिल्यांदा 'हो' म्हणाले, कारण अडीच दिवसांत मला पहिल्यांदा कुणी विचारलं होतं. ती छाती माझी आहे आणि तिच्याबद्दल हो किंवा नाही म्हणायचा हक्क मला आहे, हे माझं मीच विसरून गेले होते. बाळंतपणात अंगावरची एकेक गोष्ट दुसऱ्यांच्या हाती जाते. तुम्ही त्यातली एक मला परत दिलीत.

गंमत अशी की परवानगी मिळाल्यावरही तुम्ही फारसा हात लावलाच नाहीत. माझाच हात धरून योग्य जागी ठेवलात. अंगठा वर, बाकीची बोटं खाली, बोंडापासून थोडं मागे. आधी छातीकडे दाब, मग बोटं जवळ, मग सोड. घासायचं नाही, ओढायचं नाही. पुन्हा. पुन्हा. बराच वेळ काही आलं नाही आणि तुम्ही घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाहीत. मग एक थेंब आला. पिवळा, घट्ट, मधासारखा. तुम्ही तो चमच्याच्या टोकावर झेललात, दिव्याकडे धरून मला दाखवलात आणि म्हणालात, "हे बघा. नाही कसं?"

तो चमचा मी आयुष्यात विसरणार नाही.

चीक असाच येतो, थेंबाथेंबाने, हे तुम्ही तेव्हा सांगितलंत. पहिल्या दिवसांत बाळाचं पोटच एवढंसं असतं की एका वेळी चमचाभरसुद्धा पुष्कळ होतं. रोगाशी झुंजणारी द्रव्यं त्या पिवळ्या थेंबांत दाटलेली असतात, म्हणून तो थोडा असला तरी कमी नसतो. सिझरनंतर भरपूर दूध यायला एखादा दिवस जास्त लागू शकतो. पहिल्या दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, सात टक्क्यांच्या आसपास उतरलं की पाजण्याकडे नीट लक्ष द्यायचं, दहाच्या वर गेलं तर डॉक्टरांनी बघायचं, आणि बहुतेक बाळं दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येतात. एवढंच! सकाळपासून माझ्या उरावर बसलेला तो आकडा तुम्ही दोन मिनिटांत उतरवलात. हे सकाळच्या माणसाला माहीत नव्हतं असं मी मानायला तयार नाही. सांगावंसं वाटलं नाही, इतकंच.

मग चमच्यातला चीक बाळाच्या ओठाला लावलात. ते जिभेने चाटायला लागलं. तुम्ही त्याला माझ्या काखेखालून घेतलंत, पाय माझ्या पाठीकडे, म्हणजे टाक्यांवर भार नको. डोकं दाबायचं नाही, मानेला नि खांद्यांना आधार द्यायचा. नाक बोंडासमोर. तोंड जांभई दिल्यासारखं उघडेपर्यंत थांबायचं आणि मग हनुवटी आधी टेकवायची. "बाळ बोंड चोखत नाही, छाती चोखतं," असं तुम्ही म्हणालात, "बोंड चपटं असलं तरी तोंड मोठं उघडलं की भागतं." माझ्यावर दोन दिवस मारलेला शिक्का त्या एका वाक्याने पुसला गेला.

पहिल्यांदा दुखलं. मी दात आवळले. तुम्ही लगेच म्हणालात, सहन करायचं नाही, दुखतंय म्हणजे पकड चुकली आहे. करंगळी ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवून सोडवायला शिकवलंत. चार वेळा सोडवलं. पाचव्या वेळी खालचा ओठ बाहेर वळला, गाल फुगीर राहिले आणि तुम्ही माझ्या खांद्याशी वाकून कुजबुजलात, "ऐकू येतंय?" गिळण्याचा आवाज. क्क्, क्क्, मध्ये श्वास, परत क्क्. त्याच वेळी ओटीपोटात कळ आली आणि मी घाबरले, तर म्हणालात, गर्भाशय आकसतंय, पाजताना असंच होतं, चांगलं आहे ते.

घरी आल्यावर मी पुष्कळ वाचलं. दूध बनवायला प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक लागतं आणि ते वाहतं करायला ऑक्सिटोसिन नावाचं. वेदना, भीती, लाज यांनी हे दुसरं अडखळतं. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. तुमच्या प्रश्नाने दूध आलं असं मी म्हणणार नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते वाढणारच होतं. पण जी बाई दर पावलाच्या आवाजाला छाती आक्रसून घेत होती, ती तुमच्यासमोर सैल पडली, हे खरं आहे. पान्हा फुटायला माया लागते असं म्हणतात. ती आईची माया असते असंच मला वाटायचं. आईवरही कुणीतरी ती करावी लागते.

तुम्ही गेल्यावर पहाटे मी समोरच्या भिंतीवरचा तक्ता पाहिला. तीन दिवस तो माझ्या डोळ्यांसमोर होता. स्तनपानाचे फायदे. बाळाला जुलाब, न्यूमोनिया, कानाचे आजार कमी. आईला स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कर्करोगाचा धोका कमी. सगळं खरं आहे. २००२ साली ३० देशांतल्या ४७ अभ्यासांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा स्तनपानाच्या दर बारा महिन्यांमागे स्तनाच्या कर्करोगाचा धोका ४.३ टक्क्यांनी कमी होताना दिसला, हेही मी नंतर वाचलं. पण ज्या बाईला जमत नाहीये, तिच्या समोर नुसते फायदे टांगले की ते तिच्या अंगावर येतात. मला कारणं नको होती. मला पद्धत हवी होती, आणि ती दाखवायला कुणीतरी खाली बसायला हवं होतं.

ती मिळणं माझा हक्कच होता हेही मागाहून कळलं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९८९ मध्येच यशस्वी स्तनपानाच्या दहा पायऱ्या सांगून ठेवल्या आहेत, २०१८ मध्ये त्या नव्याने मांडल्या. आईला पाजायला प्रत्यक्ष मदत करायची, अडचणी सोडवायच्या, वैद्यकीय गरज असल्याशिवाय बाळाला वरचं काही द्यायचं नाही, हे सगळं त्यात आहे. म्हणजे तुम्ही केलंत ते प्रत्येकीच्या खाटेशी व्हायला हवं. मला ते तिसऱ्या रात्री, नशिबाने मिळालं. ज्यांना नाही मिळालं, ज्यांचं दूध खरोखर पुरलं नाही किंवा आजारपणामुळे पाजता आलं नाही, त्या बायांकडे मी आता फार वेगळ्या नजरेने बघते. त्यांनी पावडरच्या दुधावर बाळं वाढवली, जीव ओतून वाढवली. बाटलीबद्दल मी रडत तुमच्याशी बोलले तेव्हा तुम्हीही तेच म्हणालात, त्याने काही बिघडलं नाही, बाळाचं पोट भरलं, आता इथून पुढे बघू. माझ्या मनातला राग बाटलीवर नव्हता, न विचारण्यावर होता, हे तुम्हाला माझ्याआधी कळलं होतं.

तुमची ड्यूटी संपायची होती. आणखी खाटा असतील, इंजेक्शनं असतील, तुमचेही पाय दुखत असतील. एका कण्हणाऱ्या बाईपाशी स्टूल टेकून बसायला कुणी तुम्हाला सांगितलं नव्हतं आणि त्याची नोंदही कुठल्या रजिस्टरात होत नसेल. चांगुलपणा बहुधा असाच असतो, दोन कामांच्या मध्ये सापडलेल्या वेळात. माझ्या मुलीला मी पुढे पुष्कळ काही शिकवणार आहे, पण दुसऱ्याच्या अंगाला हात लावण्याआधी विचारावं आणि उत्तराची वाट बघावी, हे मी तिला सगळ्यात आधी शिकवीन.

सहाव्या आठवड्यात ती संध्याकाळभर छातीला चिकटून राहायची. 'दूध आटलं' असं चारी बाजूंनी ऐकू आलं. मी पाजत राहिले, कारण "जितकं ओढेल तितकं बनेल" हे तुमचं वाक्य मी धरून होते. चार दिवसांत ती परत नीट झाली. सहा महिने फक्त अंगावरचं, वरून पाणीसुद्धा नाही. आता घास सुरू झाले आहेत, तरी रात्री तिला मीच लागते.

निघताना तुम्ही म्हणाला होतात, "उद्या माझी सुट्टी, परवा भेटू. ओली दुपटी मोजून ठेवा, मला सांगा." त्या मधल्याच दिवशी मला घरी सोडलं. भेट झाली नाही. पण मी मोजत होते, सिस्टर. चौथ्या दिवशी चार, पाचव्या दिवशी पाच, सहाव्या दिवशी सात. बाराव्या दिवशी वजन २ किलो ९४० ग्रॅम.