ब्रिजिडच्या सणाला आम्हाला कामाला लावणाऱ्या शेजारच्या आजींना

प्रिय आजी,

एरवी मी तुम्हाला पहिल्या नावाने हाक मारते. तुमच्याकडे सगळेच मारतात, शाळेत जाणारी पोरंसुद्धा. पण मराठीत लिहायला बसल्यावर ऐंशी ओलांडलेल्या बाईला नुसतं नावाने संबोधायला माझा हात धजत नाही. तेव्हा इथे तुम्ही आजी. पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, ते माझी लेक तुम्हाला इंग्रजीत सांगेल आणि सवयीप्रमाणे स्वतःचा तिखटमीठ मसालाही लावेल. तरीही हे सगळ्यांसमोर लिहितेय ते आयर्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी वाचावं म्हणून. आमच्यापैकी बऱ्याच जणांना फेब्रुवारीतला पहिला सोमवार म्हणजे शनिवार-रविवारला जोडून आलेली सुट्टी, एवढंच ठाऊक असतं. स्वस्त विमान मिळालं तर स्पेन, नाहीतर घरात राहिलेले कपडे धुणं. मीही याच जातीतली.

संत ब्रिजिडच्या नावाची ही सुट्टी तशी नवीच. २०२३ पासून सुरू झालेली, देशातली बाईच्या नावाने असलेली पहिली सरकारी सुट्टी. १ फेब्रुवारी शुक्रवारी आली तर त्याच दिवशी, नाहीतर पहिल्या सोमवारी. पहिल्या वर्षी ती ६ फेब्रुवारीला आली तेव्हा पंतप्रधान होते लिओ वराडकर, ज्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. "तुमच्या गावचाच की!" असं तुम्ही मला कौतुकाने म्हणाला होता. मी वाईची. वाई आणि मालवण यांच्यामध्ये अख्खा सह्याद्री आहे हे समजवायच्या भानगडीत मी पडले नाही, कौतुक गुपचूप पदरात पाडून घेतलं.

सण मात्र सुट्टीहून कितीतरी जुना. १ फेब्रुवारी, ब्रिजिडचा दिवस, आयरिश पंचांगात वसंताची सुरुवात. ख्रिस्ती धर्म येण्याआधी याच सुमाराला इम्बॉल्क नावाचा सण साजरा व्हायचा आणि ब्रिजिड नावाची देवीही होती. किल्डेअरला मठ उभारणारी संत ब्रिजिड पाचव्या-सहाव्या शतकातली. गाईगुरं, दूधदुभतं, बाळंतिणी, कवी, लोहार, सगळ्यांची पाठराखीण. देवी खरी की संत खरी, असं मी विचारलं तर तुम्ही चहा ओतता ओतता म्हणालात, "दोघींची भांडणं झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही." आणि वर हेही, की संत पॅट्रिक बाहेरून आलेला, ब्रिजिड मात्र घरची.

पॅट्रिकच्या सणाला आम्ही दरवर्षी जात होतोच. १७ मार्चला डब्लिनला गाडीने जायचं, गर्दीत उभं राहायचं, मुलीला खांद्यावर घ्यायचं, हिरव्या टोप्या घालून फोटो काढायचे आणि परत यायचं. मजा येते, नाही असं नाही. पण बघ्यांची मजा ती. कुणी आम्हाला "जरा हे धर" असं म्हणालं नव्हतं. तुम्ही म्हणालात.

आठवतंय ना, २०२५ चा जानेवारी कसा होता? २४ तारखेला एओविन वादळ आलं, सगळ्या देशाला लाल इशारा, ७ लाख ६८ हजार घरं-दुकानं अंधारात. आपल्या मधलं लाकडी कुंपण आडवं झालं. माझा नवरा पडलेल्या फळ्या गोळा करत होता आणि तुम्ही खिडकीतून बघत होता. दुसऱ्या दिवशी फ्लास्कमधून सूप घेऊन आलात. कुंपणाबद्दल चकार शब्द नाही. म्हणालात, "शुक्रवारी दुपारी रिकामे आहात का? मला लव्हाळं उपटायला माणसं हवीत. गुडघे आता ऐकत नाहीत." निमंत्रण असं की नाही म्हणायला जागाच नाही.

मी अर्धा दिवस रजा टाकली. तुमच्या भावाच्या रानात चिखल नडगीपर्यंत. विळा आणू का म्हणून विचारलं तर तुम्ही केवढ्याने ओरडलात! ब्रिजिडचं लव्हाळं कापायचं नसतं, हाताने उपटायचं. बुडाशी धरून, जरा वळवून, सरळ वर ओढायचं. बरोबर ओढलं तर खालचा पांढरा, ओलसर दांडा अख्खा बाहेर येतो आणि चुंबन घेतल्यासारखा बारीक आवाज होतो. माझी लेक त्या आवाजावर इतकी खूश झाली की गरजेच्या तिप्पट लव्हाळं उपटून बसली. तुम्ही कुंपणाच्या खांबाला टेकून एकेकाला हुकूम सोडत होता. मला माझ्या आत्याची आठवण आली. ती लग्नघरात अशीच खुर्चीत बसून अख्खं कार्य रेटायची.

आणि मग दारातला तो प्रकार. यासाठी तुमचे आभार वेगळे मानले पाहिजेत.

तुमची आई डोनेगालची, म्हणून तुमच्या घरी ही रीत. अंधार पडल्यावर लव्हाळ्याचा भारा घेऊन घरातल्या मुलीने बाहेर उभं राहायचं. ती दार वाजवते आणि आयरिशमध्ये सांगते: गुडघे टेका, डोळे उघडा आणि ब्रिजिडला आत घ्या. आतल्यांनी उत्तर द्यायचं: तिचं स्वागत आहे, स्वागत आहे. तुमच्या नाती ऑस्ट्रेलियात, त्यामुळे बाहेर उभं राहायला माझी लेक. तिला ती ओळ शाळेतल्या आयरिशमुळे पटकन जमली. मी आत, तुमच्या स्वयंपाकघरात, गुडघ्यावर. दार वाजलं, ते शब्द आले, आणि माझ्या अंगावर काटा आला. आजी, आमच्याकडे भाद्रपदात गौरी घरात येतात तेव्हा हेच असतं. मुलगी किंवा सवाशीण गौर घेऊन उंबऱ्यात येते, म्हणते "गौर आली", आतून कुणी विचारतं "कशाच्या पावलांनी?", आणि ती म्हणते "सोन्याच्या पावलांनी". दारापासून देवघरापर्यंत प्रत्येक ठिकाणी थांबत, विचारत, सांगत. वाईला आमच्या घरात गौर आणायचं काम माझं असायचं. इथे आल्यापासून ते झालं नव्हतं, दारात एकटीनेच विचारायचं आणि एकटीनेच सांगायचं म्हणजे कसंतरीच वाटायचं. मी तुम्हाला हे सगळं भडाभडा सांगितलं. तुम्ही शांतपणे ऐकलंत आणि म्हणालात, "मग गौरी येतील तेव्हा मी आतून विचारीन." आणि विचारलंतही. तुमचं "कशाच्या पावलांनी" अजून आमच्या घरात नक्कल करून म्हटलं जातं, रागावू नका.

त्या लव्हाळ्याचा ब्रिजिडचा क्रॉस विणायला शिकवताना मात्र तुम्ही कडक मास्तरीण झालात. एक काडी उभी धरायची, दुसरी मधोमध दुमडून तिच्याभोवती घालायची, पाव वळसा फिरवायचं, पुढची काडी आधीच्या काडीवरून दुमडायची, परत फिरवायचं. अंगठा मधल्या चौकोनावरून हलता कामा नये, हलला की सगळं सैल. माझ्या नवऱ्याचा क्रॉस पंख्यासारखा झाला, तुम्ही तो उलटसुलट बघितलात आणि काही न बोलता सोडायला लागलात. एकेका काडीला दाबून सरळ करत तुम्ही सांगत होता की देशात टीव्ही नवा आला तेव्हा पडद्यावर हेच चिन्ह दिसायचं. चारही टोकं सुतळीने बांधून झाल्यावर तुम्ही आम्हाला मागच्या जुन्या गोठ्यात नेलंत. गुरं कधीच गेली, पण आढ्याला वर्षावर्षाचे क्रॉस खोचलेले. गेल्या वर्षीचा पिवळट, त्याआधीचा तपकिरी, पार आतले काळपट, हात लावला तर भुगा. आग, उपासमार आणि रोगराई घरात येऊ नये म्हणून. तिथे तुम्ही आमचाही एक खोचलात. नवऱ्याचाच, दुरुस्त केलेला.

त्या रात्री झुडपावर कापड टाकायचं असतं हेही तुमच्याकडूनच कळलं. ३१ जानेवारीच्या रात्री ब्रिजिड वाटेने जाते आणि कापडाला हात लावते. मग ते वर्षभर डोकेदुखीला, घसादुखीला बांधायचं. मी आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा टाकला. सकाळी तो निथळत होता, तुम्ही तो पिळून, टेपने मोजून पाहिलात. लांबला तर शुभ असतं म्हणे. ओलं सुती कापड ओढून मोजलं तर लांबणारच, पण मी वाद घातला नाही. डोकं दुखलं की बांधते मात्र.

किल्डेअरच्या चौकातल्या ज्योतीबद्दलही लिहायला हवं. बाराव्या शतकात जेराल्ड ऑफ वेल्स या धर्मगुरूने लिहून ठेवलंय की इथल्या जोगिणी अखंड अग्नी राखत. एकोणीस जणी एकेक रात्र, आणि विसाव्या रात्री लाकडं रचून ठेवून म्हणायचं, ब्रिजिड, आजची पाळी तुझी. भोवती कुंपण, पुरुषाने ओलांडायचं नाही. पुढे विझलेला तो अग्नी १९९३ मध्ये त्याच गावच्या चौकात पुन्हा पेटवला गेला. तुम्ही त्या दिवशी गर्दीत होता, पाऊस होता की नव्हता यावर तुमचा आणि तुमच्या भावाचा अजून वाद चालतो.

आता रथसप्तमीचं. त्या वर्षी सोमवारी तुमची सुट्टी आणि मंगळवारी, ४ फेब्रुवारीला, आमची रथसप्तमी. दिवस मोठा होऊ लागल्याचाच सण. अंगणात गोवऱ्या पेटवून बोळक्यात दूध उतू जाईपर्यंत तापवायचं. इथे गोवऱ्या कुठल्या? दरवर्षी मी गॅसवर दूध उतू घालायची आणि मग शेगडी घासत बसायची. मी हे बोलता बोलता सांगितलं, आणि मंगळवारी सकाळी तुम्ही बादलीत टर्फचे चार तुकडे घेऊन दारात. दलदलीतून कापून वाळवलेलं ते जळण, रंगाला थेट गोवरी. टर्फच्या विक्रीवर आता बंधनं आहेत, तुमच्या शेडमधला साठा जुना आणि मोजका आहे हे मला माहीत होतं. तरी आणलात. पेटायला वेळ लागला, धूर सगळा तुमच्या बाजूला गेला, तुम्ही छत्री धरून उभ्या. सूर्याचा पत्ता नव्हता. दूध पूर्वेला उतू गेलं, म्हणजे चांगलं, असं मी म्हटलं. तुम्ही विचारलंत, पश्चिमेला गेलं असतं तर? तर तेही चांगलंच म्हटलं असतं, मी सांगितलं. तुम्ही मान डोलावलीत, जणू हे शास्त्र तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं.

पाहुण्याला आपण खुर्ची देतो, घरच्या माणसाला कोयता नाहीतर पोळपाट. तुम्ही आम्हाला पहिल्याच दिवशी चिखलात उतरवलंत, चुकलं तर रागावलात, आमचं बिघडलेलं काम दुरुस्त करून स्वतःच्या आढ्याला लावलंत. मनापासून आभार, आजी.

यंदाही रजा टाकते आहे. गमबूट नवे घेतलेत, नवऱ्यालाही. तिळाचे लाडू या वेळी गूळ कमी आटवून मऊ करते, मागच्या वेळी तुमची कवळी निघाली होती ते लेकीचं अजून सगळ्यांना सांगून झालेलं नाही.

तुमची,
पडलेल्या कुंपणापलीकडची